माळवदाची माती

आमचं माळवद उतरवायचं ठरलं तेव्हा घरात कुणाचा जीव हळहळला नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या घरांवर उसासे टाकणारी माणसं बहुतेक त्या घरात झोपणारी नसतात. आदल्या पावसाळ्यात आमच्या मधल्या खणाची तुळई कडाडली होती आणि त्या दिवसापासून माझी बायको ताट घेऊन अंगणात जेवायला बसायची. अंगावर माती पडेल ही भीती होतीच, पण जाता-येता मला टोमणा मारायची सोयही होती. ते असो.

माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर हातभर जाडीची माती, असं ते सपाट छत. दर उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत, घरच्या बायका ओढ्याकाठच्या खाणीतून चिकट पांढुरकी माती डोक्यावरच्या पाट्यांनी आणायच्या, वर पसरायच्या, पाणी शिंपडून धुमसानं, म्हणजे लाकडी ठोकण्यानं, चोपून काढायच्या. मग कितीही पाऊस लागो, आत टिपूस गळत नसे. पण जुना थर कधी कुणी काढत नसे. वरून नवा चढायचा. असं करत करत आमच्या घराच्या डोक्यावर किती टन माती जमली होती ते त्या तुळईलाच ठाऊक.

आमच्या घरात हे काम सगळ्यांत निगुतीनं करायची ती माझी धाकटी भावजय. तिचा नवरा, म्हणजे माझा पाठचा भाऊ, आजारानं गेला त्याला सात वर्षं झाली. एक मुलगी, ती धाराशिवला नर्सिंग शिकते. भावजयीच्या वाट्याला दीड एकर रान आलं. त्यातलं निम्मं मुरमाड, आणि निम्मं, पाऊण एकर म्हणा, विहिरीजवळचं काळं. त्या काळ्या तुकड्यावरच तिचं सगळं होतं. ज्वारी, भाजी, म्हशीची वैरण, मुलीच्या डब्यापासून अंगावरच्या लुगड्यापर्यंत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती शहरातल्या माणसाला खरी वाटायची नाही. ही भावजय लग्न होऊन आली त्याला चोवीस वर्षं झाली होती आणि चोवीस वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नाही, काही नाही. आमच्याकडं धाकट्याच्या बायकोनं भायाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंड उघडून बोलायचं नसतं. मी दिसलो की पदर डोक्यावर यायचा आणि तोंड भिंतीकडं व्हायचं. काही सांगायचंच असलं तर माझ्या बायकोला सांगायची, तेही मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बायको नसली तर म्हशीला. "म्हशीबाई, भुईमुगाचं पोतं भिजायलंय गं," असं तिनं गोठ्यात म्हणायचं आणि मी अंगणातून उठून पोतं आत घ्यायचं. मीही काही सांगायचं तर "तिला म्हणावं" अशीच सुरुवात करायची. आमच्या म्हशीला जेवढ्या घरगुती भानगडी ठाऊक होत्या तेवढ्या तलाठ्यालाही नसतील.

मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी भूम या तालुक्याच्या गावी. रोज नाही, पण आठवड्याला एसटीनं गावाकडं यायचो, रान बघायचो, सूचना द्यायचो आणि परत जायचो. मास्तर माणसाला एक खोड असते. त्याला वाटतं, जे आपण फळ्यावर लिहिलं ते आपल्याला कळलं. दर वर्षी एक धडा यायचा, माणूस आणि पर्यावरण. जंगलतोड, जमिनीची धूप, पाण्याचं प्रदूषण. मुलांनी तिन्ही कारणं लिहिली की पूर्ण गुण. त्या धड्यातला माणूस कुठल्या गावचा, हे मला एकाही पोरानं विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही.

तर निवृत्त होऊन गावी आलो, स्लॅबचं घर बांधायला काढलं आणि उन्हाळ्यात जेसीबी लावला.

त्या दिवशी मी फार खुशीत होतो. जेसीबीच्या बकेटनं माळवदाचा एक कोपरा सुरीनं कापल्यासारखा उभा कापला आणि आत थर दिसले. एकावर एक, बोटभर, दोन बोटं, कुठं फिकट, कुठं राखाडी. मी आळीतली पोरं गोळा केली आणि तिथंच तास घेतला. म्हटलं, बघा, हा एक थर म्हणजे एक उन्हाळा. ह्या थरात बांगडीची काच आहे, म्हणजे माती चोपताना कुणाची तरी बांगडी फुटली असणार. ती कुणाची असेल, तुमच्या पणजीची की तिच्या सासूची? पोरांना मजा वाटली.

एक म्हातारा सुतार बघायला आला होता. त्यानं उतरलेल्या तुळईवर नख ओढलं आणि म्हणाला, ही धावड्याची. धावडा कुठला म्हणून विचारलं तर त्यानं समोरच्या डोंगराकडं हात केला. त्या डोंगरावर आज गुरं चारायला न्यायची तर सावलीसाठी छत्री न्यावी लागते. मग माझं सुरूच झालं. पोरांना म्हटलं, गावातल्या प्रत्येक माळवदाच्या तुळया मोजा, म्हणजे डोंगर बोडका कसा झाला ते कळेल. ओढ्याकाठची खाण बघा, बायकांनी पाट्या पाट्यांनी एवढी माती उचलली की तिथं दरी झालीय, आणि आता पावसाचं पाणी त्या दरीतून धावून शेजारची रानं कुरतडतंय. वाईट कुणाचाच हेतू नव्हता, म्हटलं, डोक्यावर छप्पर सगळ्यांनाच हवं असतं. हे सगळं मी अगदी रंगात येऊन सांगितलं. मी मोठा शहाणा, आणि माझ्या पाठीमागं ट्रॉलीत माती भरणं चाललं होतं.

ती माती कुठं टाकायची हे मीच ठरवलं होतं. भावजयीच्या काळ्या रानात.

कारण सांगतो. आमच्या गावाच्या उत्तरेला पांढरी आहे. पांढरी म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाचं टेकाड. कोण राहत होते, का उठून गेले, कुणाला ठाऊक नाही. नांगराला खापरं लागतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे लागतात. तिथली माती भुसभुशीत, राखेची, शेणाची, शेकडो वर्षं माणसं राहिल्याची. माझे वडील बैलगाडीनं ती माती रानात टाकायचे आणि ज्वारी अशी माजायची की आत शिरलेलं माणूस दिसायचं नाही. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं की जुन्या वस्तीची माती म्हणजे खत. माझ्या डोक्यात एवढंच होतं. जुनं घर, जुनी माती, म्हणजे सोनं. बापावेगळ्या पोरीच्या रानाला सोनं द्यावं, म्हटलं. आळीत उतरलेल्या आणखी दोन माळवदांची माती लोक रस्त्यावर फेकणार होते, तीही मी मोठ्या मनानं तिकडंच वळवली.

हे झालं सांगायचं कारण. खरं सांगायचं तर तिचं रान गावापासून जवळ होतं आणि माझं लांब. ट्रॅक्टरवाला खेपा लवकर व्हाव्यात म्हणून घाई करत होता. हे मी इतकी वर्षं कुणापाशी बोललो नाही.

जेसीबी यायच्या आदल्या संध्याकाळी भावजय स्वयंपाकघराच्या दाराआडून माझ्या बायकोला म्हणाली, "अक्का, दादांना म्हणावं, ती माती रानात नको. हिच्यात काय उगवत न्हाय." मी पाच पावलांवर बसलो होतो. शब्दन् शब्द ऐकला. तरी रीतीप्रमाणं बायको बाहेर आली आणि तेच पुन्हा मला सांगितलं. मी पेपरमधून मान वर न करता म्हटलं, "तिला म्हणावं, तीस वर्षं जमिनीचे प्रकार शिकवलेत मी." दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. पुढं काही आलं नाही.

आलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पण ती बोलू शकत असती तर दोनदा बोलली असती, तिसऱ्यांदा भांडली असती. एका निरोपावर तिला थांबावं लागलं, कारण निरोप परत परत पाठवत नाहीत.

दोन दिवसांत साठ-सत्तर खेपा झाल्या. वडिलांच्या काळी बैलगाडी होती. दोन गाड्या टाकून हात दुखायला लागले असते आणि चूकही दोन गाड्यांचीच झाली असती. आम्ही सगळं रान पांढुरकं करून टाकलं आणि वर रोटाव्हेटर फिरवला, चांगलं एकजीव व्हावं म्हणून. भावजय बांधावर उभी होती, पदराचं टोक तोंडावर धरून. मला वाटलं घर पाडलं म्हणून रडतेय. मी तिच्या मुलीला फोन करून सांगितलं, तुझ्या आईच्या रानाचं सोनं केलंय.

मृगात सोयाबीन पेरलं. पाऊस वेळेवर आला, चांगला आला. चार दिवसांनी मी रान बघायला गेलो तर पाणी तसंच उभं. बाजूच्या रानात मुरलेलं, हिच्या रानात ताटात वाढल्यासारखं चमकत होतं. मला वाटलं, पाऊस जास्त झाला. ऊन पडल्यावर वर पापुद्रा धरला, भाकरीचा येतो तसा, पण भाकरीचा फुगतो आणि हा घट्ट. बी आतच कुजलं. मी बियाणाच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. दुबार पेरलं. पुन्हा तेच. मग हवामानाला शिव्या घातल्या. शिव्या घालायला माणसाला कुणी ना कुणी सापडतंच.

एका सकाळी रात्रीच्या पावसानंतर मी त्या रानाच्या कडेला बसलो आणि पाण्यात बोट खुपसलं. पेरभर चिखल, आणि त्याखाली कोरडं. कोरडं ठाक. वर तळं आणि खाली धूळ. मी तसाच बसून राहिलो. ही माती आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या निवडून आणली होती ती कशासाठी? थेंब खाली जाऊ नये म्हणून. वर गवताची काडी उगवू नये म्हणून. त्या कामात ती तरबेज होती, आणि मी तिला रानात नेऊन घातलं होतं. तिथंही ती तिचं काम इमानदारीनं करत होती.

चोपण जमीन, पाण्याचा निचरा न होणारी, क्षारयुक्त, पिकांस अयोग्य. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

मी कॅरीबॅगमध्ये माती घेऊन धाराशिवला माती तपासायला गेलो. तिथल्या पोरगेल्या साहेबानं चिमूट हातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि थेंब जिरतो का बघत बसला. जिरला नाही. मग त्यानं विचारलं, रान कुणाचं. मी म्हटलं, पाव्हण्यांचं. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या आणि एका थेंबापुढं खोटं बोललो. त्यानं जिप्सम सांगितलं, शेणखत सांगितलं, हिरवळीचं खत गाडायला सांगितलं. किती वर्षं लागतील म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, ते सांगता येत नाही, पाव्हण्यांना घाई करू नका म्हणावं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. "ती बोलली होती," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती बडबडेल, चार गोष्टी सुनावेल, मग मीही आवाज चढवीन आणि थोडं हलकं वाटेल. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या हिवाळ्यात भावजय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागली. सकाळी सातला एक पिकअप येतो, त्यात बायका दाटीवाटीनं उभ्या राहतात आणि तामलवाडीकडच्या बागांतून, कांद्याच्या रानांतून दिवसभर वाकतात. ह्यात कमीपणा नाही, आमच्या निम्म्या गावाच्या बायका जातात. पण ती कधी गेली नव्हती. तिच्याकडं काळं रान होतं. एके सकाळी मी स्टँडवर चहा पीत होतो आणि ती खुरपं घेऊन समोरून येताना दिसली. मी टपरीआड झालो. साठी उलटलेला माणूस, हातात कप, टपरीआड. पिकअप जाईपर्यंत बाहेर आलो नाही. चहावाला बघत होता.

भावजयीची चूल वेगळी. मी माझ्या घरातून ज्वारी पाठवली. तिनं ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाचं तूप पाठवलं नाही हे नशीब, पण म्हशीचं दूध मात्र रोज पाठवायला लागली. जिप्समची पोती आणून तिच्या बांधावर टाकली. ट्रॉलीभर शेणखत टाकलं. निरोप बायकोच्या हाती. रानात मात्र मी उतरत नव्हतो. बांधावरून लांबूनच बघायचो आणि परत फिरायचो. आकाशात ढग आला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. गावाला पावसाची आस आणि मला पावसाचं भय. सुरुवातीला वाटायचं, यंदा मुरेल. मग वाटायचं, यंदा तरी मुरू दे. पुढं पुढं काही वाटेनासंच झालं, नुसती धडधड राहिली. हळूहळू तिच्या विहिरीचं पाणीही खाली गेलं, कारण वरून मुरेल तेव्हा विहिरीला येणार ना. न मुरलेलं पाणी एका कोपऱ्यातून बांध फोडून बाहेर पडलं आणि खालच्या शेतकऱ्याच्या कांद्यात घुसलं.

तो खालचा शेतकरी माझा जुना विद्यार्थी. घरी आला, पाया पडला, आणि अगदी अदबीनं म्हणाला की सर, एवढं पाण्याचं बघा, दोन वर्षं झाली, तिसऱ्या वर्षी मला बोलावंच लागेल. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी ठरवलं. जशी टाकली तशी उचलायची. जेसीबी लावायचा, वरची फूटभर माती सरसकट खरवडायची आणि ओढ्याकाठच्या खाणीत नेऊन टाकायची, जिथून ती आली तिथं. मला हा विचार इतका पटला की मी स्वतःवर खूश झालो. गोष्ट कशी गोल पूर्ण होते, असं काहीतरी मास्तरी वाटलं. बायकोला सांगितलं नाही, भावजयीला निरोप पाठवला नाही. तिला संध्याकाळी कामावरून आल्यावर एकदम रान मोकळं दिसावं.

सकाळी साडेसातला मशीन बांधावर आलं. पिकअप गेला असेल असा माझा अंदाज होता. चालक तरुण होता, त्यानं कुठून सुरू करू म्हणून विचारलं आणि मी विहिरीच्या बाजूनं हात केला. बकेट खाली येत होती तेवढ्यात भावजय पळत आली. पिकअपमधून उतरून आली असणार, हातात खुरपं तसंच होतं. ती बकेटच्या समोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो तिनं सावरला नाही.

"दादा, मशीन बंद करा," ती म्हणाली.

माझ्याकडं बघून म्हणाली. म्हशीला नाही, भिंतीला नाही. चोवीस वर्षं आणि वर तीन अशा एवढ्या काळात मी तिचा चेहरा असा समोरून पहिल्यांदा बघत होतो. काळवंडला होता. माझी काय गत झाली सांगू. मी सवयीनं इकडंतिकडं बघितलं, कुणामार्फत बोलावं म्हणून. तिथं चालकाशिवाय कुणी नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तिला म्हणावं, मी तिच्या भल्यासाठीच करतोय."

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, मला कशाला सांगताय सर, त्या इथंच उभ्या आहेत.

मग मशीन बंद झालं. मला वाटतं माझ्या आयुष्यात एवढी शांतता कुठल्याच वर्गात झाली नव्हती. मी तिच्याकडं तोंड करून म्हटलं की चूक माझी आहे, मीच टाकली, मीच काढून देतो, एका दिवसाचं काम आहे. तीन वर्षांत चूक हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, आणि तोही अर्धा हट्टानं.

ती म्हणाली, "वरची काढाया गेलात तर खालची काळी पण जाईल. ती कुठनं आणणार?"

रोटाव्हेटरनं मीच एकजीव केलं होतं. आता त्यातली कुठली माती आमच्या छताची आणि कुठली तिच्या रानाची, हे सांगणारी बकेट अजून निघाली नव्हती.

मग तिनं मला चला म्हटलं आणि विहिरीकडं चालायला लागली. मी मागून गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या रानात पाय टाकला. विहिरीच्या कडेला, जिथून मी मशीनला सुरुवात करायला सांगितली होती तिथंच, तिनं एक पट्टा केला होता. बांधावरून तो दिसत नव्हता, विहिरीचा कठडा आड येत होता, आणि मी तर बांधाच्या पुढं कधी आलोच नव्हतो. रोज कामावरून आल्यावर ती कुदळीनं वीतभर खोल खणायची, ढेकळं हातानं फोडायची, त्यात ओढ्याची वाळू, तुरीच्या तुराट्या तोडून, बांधावरचं माझं जिप्सम आणि शेणखत मिसळायची. दिवाळीनंतर एका धनगराला सांगून तिनं तिथं दहा दिवस मेंढरं बसवून घेतली होती, लेंडीखतासाठी. तीन हिवाळे. त्या पट्ट्यात मेथी आली होती. विरळ होती, पिवळट होती, पण उगवली होती. माझ्या बकेटनं पहिला घास तिचा घेतला असता.

मी खाली बसलो. हात घातला तर ओल आत उतरलेली होती, मनगटापर्यंत. मला रडू आलं. बाईमाणसासमोर, त्यातून भावजयीसमोर, ते आवरायचं म्हणून मी मास्तरासारखा प्रश्न विचारला. सगळं रान असं व्हायला किती दिवस लागतील, असं तिला विचारलं. सरळ तिलाच.

तिनं पट्ट्यावरून पुढच्या पांढऱ्या रानाकडं नजर नेली. मग म्हणाली, "दादा, तुमच्या हयातीत न्हाय व्हायचं ते. माझ्या झालं तर झालं."

रागानं म्हणाली नाही. एसटी किती वाजता येते म्हणून कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं म्हणाली. ती मला कधी काही लावून बोलली नव्हती, तेव्हाही नाही. पुढं फक्त एवढं म्हणाली की आज तिची मजुरी बुडालीच आहे, तर वाळू टाकून घेऊ, आणि कठड्यावरचं घमेलं माझ्यापुढं केलं.

चालक मशीन घेऊन गेला. मी चप्पल काढली, बाह्या वर केल्या आणि ती म्हणेल तिथं वाळू नेऊन टाकत राहिलो. मध्ये दोनदा बसलो, पाठ धरली. तिनं पाणी दिलं, पदर आता पुन्हा डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडं होतं. काय कुठं टाकायचं ते ती मलाच सांगत होती. दुपार कलली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बाजेएवढी जागा केली होती. एक माणूस जेमतेम अंग टेकू शकेल एवढी. पुढं पाऊण एकर तसंच पांढरं पडलं होतं, आणि पश्चिमेला ढग भरून येत होते.